टिचकी

एलिसेओ बार्रीयाचा उजवा हात
शिनाण्यांच्या दोराबरोबर रहाटात ओढला गेला,
चिलोए बेटाच्या आतल्या अंगाला,
ऑगस्टातल्या थंडीत, एका गुरुवारी.
हात तुटला नाही. तेच वाईट झालं.
तुटता तर त्याच रात्री पलीकडे नेला असता.
नुसता लोंबणारा हात रांगेत थांबतो:
आधी कास्त्रो, मग पुएर्तो मॉन्त,
मग एक पत्र, मग पत्राची पोच.
चौदा महिने.
बोटीची वाट बघता बघता बोटं गेली.

आत, काखेच्या खाली, आणखी कुणीतरी थांबलं होतं.
कुणा जर्मन प्राध्यापकाच्या आडनावावरून त्यांचं बारसं झालं,
मराठीत लिहिलं की त्या होतात श्वान पेशी.
दोष माझा नाही.
आणि पहिले काही आठवडे तर नाव शोभलंच त्यांना:
मेलेल्या तंतूंचा चुरा खाऊन टाकला,
अंगावरची जुनी वेष्टणं उतरवली,
एकीच्या दोन झाल्या, दोघींच्या चार,
रिकाम्या नळीत एकीमागे एक ओळीने बसल्या
आणि वरच्या अंगाला तोंड करून
हाका घालत राहिल्या:
इकडे, इकडे, वाट इकडून आहे.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणे.
इथे घर बसलं होतं
आणि वासे उभे.

पण नस रोज एक मिलिमीटर चालते,
तेही चालू लागली तर.
मानेपासून तळहात दोन वर्षं लांब.
वरच्या टोकालाही मग
निघायचं होतं कुठे, ते आठवेनासं होतं.
सहाव्या महिन्यात हाका बसक्या झाल्या.
वर्षाने काहीजणी ओळीतून उठल्या,
उरलेल्या रोडावल्या, नळी आवळत आली.
मेल्या म्हणता येणार नाही.
कशासाठी बसलो होतो, ते विसरल्या.

कुत्रा मालकाला विसरत नाही, असं आपण म्हणतो.
एलिसेओचा चुकाओ महिनाभर
त्याच्या उजव्या खिशाकडे बघत बसायचा,
माशाचं डोकं तिथून यायचं म्हणून.
मग डाव्याकडे बसू लागला.

डॉक्टर ओयार्सून यांनी गोड बोलून काही लपवलं नाही.
"नस आणता येते हो. दार उघडायला आत कोण आहे?
हाताचं सोडा. कोपराचं बघू."
बरगड्यांमधल्या तीन नसा, श्वासाच्या,
सोडवून दंडाकडे वळवल्या.
जवळच्या जवळ;
लांबच्या पाहुण्याला ओळखणारं
तिकडे फारसं कुणी उरलं नव्हतं.

मग दर मंगळवारी ग्रिसेल्दा
दंडावर बोटाने टिचकी मारायची.
इथे? नाही.
इथे? नाही.
इथे?
"मुंग्या," तो म्हणाला, "पण छातीत."
तिने तिथे पेनाने ठिपका दिला.
पुढच्या महिन्यात दुसरा, नखभर खाली.
आंघोळीत ठिपके पुसले जायचे,
ऑर्फेलिना ते पुन्हा गिरवायची,
नकाशा पुसला तर मुंग्या चुकतील अशी भीती असल्यासारखी.

तो दिवस असा काही ठरवून आला नाही.
सरपण ओलं होतं, चुलीने धूर केला,
एलिसेओला ठसका लागला
आणि उजवं कोपर
बोटभर उचललं.
सगळ्यांनी बघितलं, कुणी बोललं नाही.
तो पुन्हा खोकला. या वेळी मुद्दाम.

बोटं आली नाहीत. येणारही नाहीत.
कप मनगटाला पट्ट्याने बांधावा लागतो.
कप वर न्यायचा तर आधी श्वास भरून घ्यायचा,
ओठांपाशी तो धरून ठेवायचा,
सोडला की हात खाली.
ग्रिसेल्दा म्हणते, काही महिन्यांनी डोकं शिकेल,
श्वास आणि हात वेगळे करील.

तोवर त्याच्याशी कुणी बोलायला आलं
तर जरा थांबावं लागतं.
आधी तो कप खाली ठेवतो.