पाण्याने

बोआझकालेच्या पडक्या वेशीमागे एक पत्र्याची खोली.
आत हीटर, कमरेत बारीक असलेले चहाचे दोन पेले,
आणि नूरजिहानबाईंच्या भिंगाखाली
तळहाताएवढी मातीची पाटी.

"हे बघ, इथे पाणी आहे. वातर.
नपुंसकलिंगी. या भाषेत त्याला
असता येतं, वाहता येतं, आटता येतं,
कुणाचं काही करता येत नाही.
करायचंच असेल तर आधी
शेवटाला एक प्रत्यय चढवावा लागतो, अंत्स,
तू ड्यूटीवर येताना टोपी घालतोस तसा.
मग पाणी धुतं. मग पाणी नेतं."

रखवालदार सातिल्मिश टोपी मांडीवर ठेवून ऐकतो.
त्याचं नावच कृदंत आहे: विकलेला.
आधीची तीन गेली, म्हणून आईने
याला टेकडीवरच्या पिराला विकून टाकला.
कुणी, कुणाला, केवढ्याला,
हे नावात मावलं नाही.
एकसष्ट वर्षं तो त्या रिकाम्या जागा सांभाळतो आहे.
रखवालदारच तो.

"आमचं कुझुओरेन," तो म्हणतो,
"धरणाच्या कागदात लिहिलं होतं, गाव पाण्याखाली जाईल.
जाईल!
जसं काही गावच उठून
नवे बूट घालून निघालंय."

बाई भिंग खाली ठेवतात.
"काही जण म्हणतात, हा प्रत्यय मुळात साधनाचा.
पाण्याने, म्हणजे कुणीतरी, पाणी वापरून.
पुढे तो कुणीतरी वाक्यातून निघून गेला.
पाणी तेवढं राहिलं,
सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन."

बराच वेळ हीटरची टिकटिक.
चहा निवतो, त्याला कुणी निववत नाही.

"मग तो," सातिल्मिश विचारतो,
"तो निघून गेलेला, पाटीत कुठे सापडतो का?"

"या ओळीत असेल कदाचित. पण कोपरा फुटलाय."

"फुटलाय," तो म्हणतो,
आणि त्या शब्दाकडे बघत राहतो,
दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं तसा.

अंधारून येतं.
तो टोपी झटकतो, डोक्यावर घालतो.
"बसा तुम्ही. फाटक मी लावतो."