निळ्या टेकडीची गाडी

आठला सुटायची गाडी नऊला भरली.
भरली म्हणजे, चौघांच्या बाकावर पाच,
मग मधल्या वाटेतल्या घडीच्या फळ्या उघडल्या
आणि शेवटच्या फळीवर मी.
एक मांडी माझी, दुसरी रावुलुलुनाच्या टोपलीची.

दार त्सिलावु सुतळीने ओढून धरतो.
असेल सतरा-अठराचा. मागे लटकत भाडं गोळा करतो,
नोटा धुतलेल्या फडक्यासारख्या मऊ,
उभ्या घड्या घालून बोटांच्या बेचक्यात खोवतो
आणि पत्र्यावर थाप मारतो.
एक थाप, थांब. दोन थापा, चल.
एवढ्याच व्याकरणावर सगळं चालतं.

अंतानानारिवू मागे पडतं, पण लगेच नाही.
आधी टायरवाले, कोळशाची पोती,
मग शेतातच भाजायला रचलेल्या विटा, आतून धुमसणाऱ्या,
मग भात. भाताच्या पाण्यात एक बदक
परतीचं तिकीट काढून ठेवल्यासारखं निवांत.

"वास कसला येतोय?" पुढच्या बाकावरचे टोपीवाले आजोबा.
रावुलुलुना टोपलीवर हात ठेवते. "पाव आहे."
"पावाला असा वास?"
"आणि थोडं सॉसेज. नणंदेसाठी."
"डुकराचं?"
गाडी गप्प.
त्या टेकडीवर डुक्कर चालत नाही, राजा होता तेव्हापासून.
राजाला जाऊन दोनशे वर्षं उलटली,
मनाई मात्र अजून तिथेच राहायला आहे.
त्सिलावु म्हणतो, "पायथ्याची केळीवाली ठेवून घेते, सगळ्यांचंच."
"खात नाही ना?"
"एखादं."

वर वेशीला दगडाची चकती टेकवलेली,
जात्याची तळी वाटावी, पण माणसाहून उंच.
रोज तिन्हीसांजेला ती लोटायला चाळीस जण लागत, म्हणतात.
मला सुतळी आठवली.

राजाचं घर म्हणजे काळ्या लाकडाची एकच खोली.
"एवढंच?" असं मी शाळेच्या सहलीत मोठ्याने विचारलं होतं
आणि बाईंनी कान पिळला होता.
मधोमध एक खांब, पूर्वेच्या जंगलातून खांद्यांवर आलेला.
पाहुणा आला की राजा आढ्यात चढून बसायचा.
खाली राणी बोलत राहायची.
माणूस बरा वाटला तर वरून एक खडा टाकायचा.
एवढं राज्य
आणि स्वतः टपावरच्या सामानासारखा, श्वास धरून.

उजवा पाय आधी टाकून आत गेले.
खांबाला हात लावला, हळूच सांगितलं,
सोमवारी मॉरिशसला जातेय. तीन वर्षांचा करार.
इथे फक्त कॉलर शिवते,
तिथे म्हणे पूर्ण शर्ट हातात येतो.
आईला अजून दोनच वर्षं सांगितलीत.
वर पाहिलं. काळोख आणि कोळिष्टकं.
मागून सहलीची पोरं ढकलायला लागली.

निघताना राजाला पाठ दाखवायची नाही.
उलट्या पावलांनी यायचं,
उंबरठा टाचेने चाचपत.
जे सोडून चाललोय तेच डोळ्यांसमोर राहतं,
आणि जिथे जायचं तिथे आधी टाच ठेचकाळते.

गाडीला वळायला जागा नव्हती.
कोंबड्या हाकलत, सबंध गल्लीभर ती मागे मागे गेली.
"बघा," टोपीवाले म्हणाले, "हिलाही रीत ठाऊक."

पायथ्याशी रावुलुलुनाने टोपली मोजली. आठाची सात.
केळीवालीकडे एकदा पाहिलं, बोलली काही नाही,
सातातलं एक मोडून अर्धं माझ्या हातावर ठेवलं.
"नणंदेला सहा पुष्कळ झाली."

विटांच्या भट्ट्यांपाशी
टायरखालून एक खडा उडाला
आणि पत्र्यावर ठक्क वाजला.
एकदाच.
ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला.
"मी नाही मारली थाप," त्सिलावु म्हणाला,
"कोण उतरतंय?"

कुणीच बोललं नाही.
माझ्या तोंडात घास होता.