बहात्तर तास

पट्टीवर सिस्टरनं बॉलपेननं लिहिलं होतं :
मंगळवार, साडेचार.
शुक्रवारी साडेचारला बदलायची.
आण्णांच्या छातीवर डावीकडे, केस कापून,
पोस्टाच्या तिकिटाएवढी पारदर्शक पट्टी,
तिच्यात तीन दिवसांची झोप.

मिरजेच्या दवाखान्यात मी विचारलं होतं,
हे अंगात राहतं किती वेळ?
सिस्टर सुवार्ता म्हणाल्या,
पट्टी काढली तरी सतरा-अठरा तासांनी निम्मं,
आणखी तितक्याच तासांनी पाव.
म्हाताऱ्या अंगात याहून सावकाश.

आण्णांनी डोळे उघडले.
अडतीस वर्षं सांगलीच्या यार्डात हळद तोललेला माणूस,
पावकी-निमकी तोंडपाठ.
"मग अदपाव, मग छटाक," ते म्हणाले,
"मग काट्याला दिसत न्हाई.
पर पोत्यात असतंय."

पोट तीन-तीन दिवस साफ व्हायचं नाही.
गुंगीत नाक खाजवत राहायचे,
मध्येच कुणा अडत्याला शिव्या.
दुखणं मात्र तोंडानं सांगायचे नाहीत.
जुन्या सौद्यात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा,
तसा चादरीखाली माझा हात धरायचे.
दोन बोटं : सोसतंय.
चार : जागा राहा.
अख्खी मूठ : सिस्टरला फोन लाव.

गुरुवारी पहाटे साडेचारला
मी चादरीखाली हात घातला.
भाव आला नाही.

आंघोळ घालताना पाणी पट्टीवरून घसरत राहिलं.
बाबगोंडाकाका म्हणाले, राहू दे की,
कुणाला दिसतंय.
सिस्टर फोनवर म्हणाल्या, काढा.
चिकट बाजू आत घेऊन दुमडा,
पोरांच्या हाताला लागू देऊ नका.
आत अजून औषध आहे.

किती, ते मी विचारलं नाही.
छत्तीस तास झाले होते, हिशेब मलाही येतो.
नखानं कोपरा उचलला.
खालची कातडी चौकोनी, ओलसर,
लहान मुलाची असते तशी.
पट्टी दुमडली, बरोबर निम्मी.
बॉलपेनचं मंगळवार बाहेरच्या बाजूला राहिलं.

आई म्हणायची,
यांच्या बनियनचा पिवळेपणा माझ्याबरोबरच जाणार.
ती गेली त्याला सहा वर्षं झाली.
दोरीवर दोन बनियन होते.
मी ते काढले नाहीत.

शुक्रवारी घर पाहुण्यांनी भरलेलं.
साडेचारला मोबाइल वाजला.
कुणीतरी म्हणालं, घे की फोन.
म्हटलं, फोन नाही.
औषधाची वेळ झाली.