रीडिंग

सकाळी साडेसहाला झिरो माइलच्या घोड्यांपाशी
आम्हाला कागद वाटले. चाळीस माणसं, आठ टोळ्या, एक शिट्टी.
शर्वाणी डोंगरे नावाची आर्किटेक्ट पोरगी
कानटोपीतून वाफ सोडत म्हणाली,
घरांना हात लावायचा नाही, फक्त पाहायचं.
बरं झालं. एकतीस वर्षं मी तेच केलं.

नात संघमित्रा मला ओढून घेऊन आली होती.
आमच्या टोळीत कॉलेजची दोन पोरं, एक दंतवैद्य,
आणि मी, वीज मंडळातला निवृत्त मीटरवाला.
सिव्हिल लाइन्स मला पाठ आहे, पण मागून:
कुठल्या बंगल्याचं मागचं फाटक करकरतं,
कुठला कुत्रा खाकी शर्टावर चिडतो,
कुठे मीटरच्या पेटीत पालीनं अंडी घातली.
पुढून ही घरं मी नीट अशी पहिल्यांदाच बघत होतो.
केवढी ती कमानींची मिजास!
पागोळीला लाकडाची झालर, लोखंडाची वेलबुट्टी
आणि छपरावर धुराडी.

पहिलं कोडं तेच: "नागपुरात मी कशाला? मोज मला."
मे महिन्यात इथे डांबर चपलेला चिकटतं,
अन् साहेबानं विस्तवासाठी भिंतीत कोनाडा मागितला.
दंतवैद्यानं, रोजच्या सवयीनं आ वासून,
वर बघत मोजली. पाच.

दुसरं:
"भिंतीला डोळा, पापणी नाही,
दोर ओवला तर वारा वाही."
पोरं म्हणाली, टपालपेटी. मग म्हणाली, कॅमेरा.
मी म्हटलं, पंख्याचा दोर.
आत साहेब झोपे, बाहेर व्हरांड्यात एक माणूस
पायाच्या अंगठ्याला दोर बांधून ओढत पडे.
पुढे त्याच भोकातून आमची वायर गेली,
भिंत फोडावी लागली नाही.
संघमित्रानं लिहिलं: भोकं, तीन.
अंगठ्यासाठी रकाना नव्हता.

तिसऱ्यावर भांडण. पायऱ्या किती?
सगळ्यांना सात दिसल्या. मी आठ म्हणालो.
खालची डांबराखाली आहे. डिसेंबरच्या अधिवेशनाआधी
मंत्र्यांच्या गाड्यांसाठी दर वर्षी नवा थर,
रस्ता चढत गेला, पायरी बुडाली.
ब्याऐंशी साली त्या पायरीवर बसून मी डबा खाल्लाय.
"आबा, दिसत नाही ते मोजत नसतात."
सात लिहिलं.
पेटीचं कुलूप पाच-तीन-सातवरच उघडलं.
आमच्या आधी एक टोळी पोचलेली,
संत्रा बर्फीचे चारच तुकडे उरले होते.

फोटो चालले तेव्हा मी सवयीनं मागे वळलो.
रामफळाच्या झाडापलीकडे नोकरांच्या खोल्यांची रांग.
तिथे मीटर कधीच नव्हतं. मोठ्या घरातून एक वायर
कपड्यांच्या दोरीला धरून आलेली, टोकाला एक दिवा.
त्याची युनिटं साहेबांच्या आकड्यात मिसळायची.
किती ती? वेगळी वाचायची सोय नव्हती.
डायरीत मी लिहायचो तो आकडा
बरोबरच असायचा, आणि तरी

जाऊ द्या.

दारात पारबताबाई मेथी निवडत होती. पार पांढरी झाली.
डोळ्यांवर तळवा धरून तिनं आधी
माझ्या छातीवरचा टोळीचा नंबर बघितला, मग मला.
"कायले आले जी? इथं तं मीटर नाही."
म्हटलं, हाव, माहीत हाय.
"मंग बसा."

संघमित्रा धापा टाकत आली, पेन अजून हातात.
"आबा, इथे कोणतं कोडं आहे?"
पारबताबाईनं सरकून तिला चटईवर जागा केली
अन् एक जुडी पुढ्यात टाकली.
"मुळं तोड," म्हणाली, "माती इकडं झटकू नको."