सत्तावन्न हजार चित्रं

सकाळी सात वीसला
डॉन एवारिस्तो नावूएलकीन, वय एकाहत्तर, धंदा नावा बांधणं,
यांनी खारकेच्या बीपेक्षा थोडा मोठा कॅमेरा
पाण्याच्या घोटाबरोबर गिळला
आणि मला विचारलं,
"आजवर जे जे गिळलं, ते सगळं दिसणार का तुला?"

मी त्यांच्या कमरेला यंत्राचा पट्टा बांधत होते.
म्हटलं, दिसेल ते दिसेल. तुम्ही वही भरा.
किती वाजता काय केलं, एवढंच.

आता रात्र. कास्त्रोच्या इस्पितळाचा तळमजला.
मी, हीटर आणि पडदा.
सेकंदाला दोन चित्रं.

गिळणं, तेवढंच आपल्या हातात.
पुढचं सगळं आपल्याला न विचारता.
श्वासाच्या वाटेवर झाकण पडतं,
आणि ओल्या मुठीतून साबण सटकावा
तशी नळी त्याला पुढे ढकलते.
डॉन शीर्षासनात असते तरी ढकललंच असतं,
खाली-वर तिला ठाऊक नाही.

जठरात थांबावं लागतं. सगळ्यांनाच.
मांस विरघळवणारं आम्ल,
आणि त्याच्या काठाला राहणारी भिंत,
जी दर चार-पाच दिवसांनी कात टाकते.
नाहीतर आपण स्वतःलाच जेवलो असतो.

वहीत: "७.५५. पोट गुरगुरलं. कुत्र्याने बघितलं.
आधी कोण गुरगुरलं यावर आमचं एकमत नाही."
कावळे नव्हेत ते, डॉन.
रिकाम्या घरात दर दीड तासाने
कुणीतरी केर काढतं, त्याचा आवाज.

आठ सहाला दार किलकिलं झालं.
पिवळं-हिरवं पित्त आलं, तेलाशी भांडायला;
तेल आज नव्हतंच.
आणि मग ते, ज्यासाठी मी ही नोकरी सोडत नाही:
लहान आतडं. सहा-सात मीटर,
आणि भिंतभर मखमल,
ओहोटीला खडकावर समुद्रशेवाळ डुलतं तशी.
प्रत्येक केसराच्या आत रक्ताचा एक धागा
जेवणाची वाट बघत.
इथे बटाट्याचा माणूस होतो.

थोरल्या भावाने नावांचा कारखाना स्वतःच्या नावावर केला
तेव्हा डॉन काही बोलले नाहीत.
सगळ्या बेटाला माहीत आहे.
बायका म्हणतात, पोटात घातलं बिचाऱ्याने.
मी चित्रं सावकाश पुढे नेते.
गुलाबी. गुलाबी. एक बुडबुडा. गुलाबी.

अकरा बावन्न.
लाल टिंब. त्यातून निघालेली बारीक रेघ.
अशक्तपणाचं कारण सापडलं.

वहीत: "११.५०. उकडलेला बटाटा, खिशातला. मीठ विसरलो.
भावाच्या घरावरून गेलो. थांबलो नाही."

योगायोग. जुनी रक्तवाहिनी उसवते कधी कधी,
डॉक्टर एका चटक्यात बंद करतील.
अहवालात मी जागा लिहिली, वेळ लिहिली,
बटाटा लिहिला नाही.

पुढे मोठं आतडं, आणि सव्वातीनला
बॅटरी संपली.
खरी वस्ती तिथून पुढे होती:
अंधारात अब्जावधी जिवाणू,
सालं, देठ, चिवट दोरे यांवर जगणारे.
जे आपल्या पचनी पडत नाही
त्यावरच त्यांची चूल पेटते.
तिथलं चित्र माझ्याकडे नाही.

सकाळी फोन. मागे करवतीचा आवाज.
"काय दिसलं?"
एक टिंब, म्हटलं. बरं होईल.
"आणि ते दुसरं?"
ते नव्हतं, डॉन. शेवटपर्यंत बघितलं.
करवत थांबली.
"मग गिळलंच नसेल मी," ते म्हणाले,
"घशातच असेल अजून.
तळलेला मिल्काओ कधीपासून चालेल?"