अर्धा फेरा

डिमेलो मॅडमनी पहिले तीन आठवडे
एक ओळ लिहू दिली नाही.
वाच म्हणाल्या, दुसऱ्यांनी लिहिलेलं.
लिहायला काय, कोणीही लिहितं.

मरोळच्या सातव्या मजल्यावर, एसीच्या झोतात,
मी वाचत राहिले नोकरी सोडून गेलेल्यांचा कोड.
चार हजाराव्या ओळीपाशी कोणीतरी बजावलेलं:
ही ओळ काढू नका.
का, ते नाही. कोण, ते नाही.
ओळ तर काहीच करत नव्हती,
मला दिसत होतं तेवढ्यात.
काढली.
साडेतीन वाजता भिवंडीच्या गोदामातून
सगळी बिलं शून्य रुपयांची निघाली.

मॅडम ओरडल्या नाहीत.
ओळ परत घातली. म्हणाल्या,
आता शोध, का.
आणि सापडलं की तिथेच लिहून ठेव.

घरी बाबा गुडघ्याला तेल चोळत बसलेले.
एकतीस वर्षं पालिकेची चावी फिरवतायत
असल्फ्याच्या टेकडीवर, पहाटे चारला.
कुठलं झाकण उचललं की कुणाची पिंपं भरतात
हे त्यांच्या तळपायांना ठाऊक.
मार्चअखेर निवृत्त. जागेवर पागधरेंचा पोरगा.

त्याला काय सांगणार, मी विचारलं.
येईल हळूहळू. मला कोणी सांगितलं होतं?

मी वही काढली.
एकेक व्हॉल्व्ह, एकेक गल्ली,
किती फेरे, किती वाजता.
मैदानाच्या कोपऱ्यावरचा? तो अर्धा फेराच.
पूर्ण कधीच नाही.
का?
का म्हणजे काय, अर्धाच.

मग बऱ्याच वेळाने, तेलाचा हात तसाच धरून:
शहाण्णव साली उघडला होता पूर्ण.
वरच्या बायका भांडत होत्या, म्हटलं जाऊ दे जोरात.
खाली घाडीगावकरांच्या जोत्यातून बिडाचा पाइप.
फुटला.
त्यांच्या पोरीची बारावीची पुस्तकं गेली सगळी.
बसलीच नाही परीक्षेला.

आईने गॅस बारीक केला.
तिलाही हे आजच कळत होतं.

नाव काय तिचं?
ते नको लिहू.

पाइप बदलला ना पुढे?
बदलला की. अकरा साली.
मग आता पूर्ण उघडला तरी...
चालेल बहुतेक.
गुडघा दुमडून पाहिला, पुन्हा सरळ केला.
तू अर्धाच लिही.

मी अर्धाच लिहिलं.
खाली कारण.
त्याखाली, कारण संपलं ते साल.