ओंदु, मूरु, नाल्कु, एरडु

कानडी आकडे मी इराप्पा मेस्त्रीकडून शिकले,
तेही चुकीच्या क्रमानं.
ग्रीसच्या डब्यावर बसलेली, सहा वर्षांची,
आणि तो प्लगच्या वायरी लावताना पुटपुटायचा:
ओंदु, मूरु, नाल्कु, एरडु.
मला वाटलं, कानडीत असंच मोजतात.
तिसऱ्या गेटापलीकडच्या दुकानात
चिरमुऱ्याचे लाडू मी तसेच मोजून घेतले.
दुकानदारीण पोट धरून हसली,
"कुठल्या शाळेला जातीया गे ही?"

आज लँडमास्टर आलीय,
निपाणीच्या तंबाखूवाल्यांची, पंचावन्न सालची.
सीटखाली अजून वखारीचा वास.
पहिला प्लग काढते, भोकावर अंगठा ठेवते,
पोरगा हँडल फिरवतो, सावकाश,
आणि आतून एक दम चढत येतो,
अंगठा ढकलून देतो.
पुलीवरची खूण गंजाखाली बुजलेली. घासून काढते,
तिला चुना लावते, मेस्त्रीच्या चंचीतला.
पॉइंटच्या फटीत गेजचं पान, अडेल न अडेल असं.
बल्बची एक वायर डिस्ट्रिब्यूटरला, एक बॉडीला.
केसभर फिरवलं.
बल्ब लागला.
पुस्तकात लिहिलंय तिथंच, अगदी तिथंच.

मेस्त्री दारातल्या टायरवर बसलेला.
ट्रकचा भोंगासुद्धा त्याला आता ऐकू येत नाही.
"तंगी, पुस्तक नव्या गाडीचं.
ही म्हातारी हाय की."

वंटमुरीच्या चढाला कळलं.
तिसऱ्या गिअरवर पाय दाबला
की बोनेटखाली कुणी पत्र्याच्या डब्यात गोट्या हलवतंय.
ठिणगी आधीच पडावी लागते, हे खरं,
पिस्टन माथ्यावर पोचायच्या आधी,
कारण जाळ पसरायला वेळ घेतो.
पण किती आधी?
घाई झाली तर हँडल उलटं मारतं.
मेस्त्रीचं मनगट अठ्ठ्याहत्तर साली असंच मोडलं,
अजून वाकडं आहे.
उशीर झाला तर गाडी नुसती तापते,
धापा टाकते, ओढत नाही.

कडेला थांबलो. उसाचा फड, आणि एक पाटी,
गावाचं नाव एकदा त्याच्या अक्षरांत, एकदा माझ्या,
दोन्ही कुणीतरी दगडांनी सोललेली.
इंजिन चालूच ठेवलं.
मेस्त्रीनं लांबडा स्क्रूड्रायव्हर घेतला,
टोक ब्लॉकवर टेकवलं, मूठ दातांत धरली
आणि डोळे मिटले.
कान गेले, हाडं आहेत.
डाव्या हाताची बोटं मागं मागं सारत राहिला:
हिंद. इन्नू स्वल्प हिंद.
मी क्लॅम्प ढिला करून रोटरच्या दिशेनं सरकवलं,
नखाएवढं, मग त्याच्या निम्मं.

आणि तेव्हाच बोलले, त्या धडधडीत, त्याच्या मिटल्या डोळ्यांना,
की गॅरेज विकलंय.
भावानं मागच्या गुरुवारी सही केली.
तिथं मंगल कार्यालय होणार, पार्किंगसकट.
तीनदा सांगायला म्हणून चहा घेऊन गेले होते,
तीनदा चहाच देऊन आले.

गोट्या विरळ झाल्या. मग एकच राहिली.
मग तीही नाही.
त्यानं मूठ दातांतून काढली, लाळ बाहीला पुसली,
तळहात वर केला.
"साकु."

कशाला पुरे म्हणाला, ते विचारलं नाही.
नट आवळला. पाना पुसून ठेवला.
उरलेला चढ तिसऱ्यावरच चढली म्हातारी.
मागच्या सीटवर तो उसाकडं बघत होता,
वाकड्या मनगटाचा हात गुडघ्यावर,
बोटं टेकत होती एकेक:
पहिलं, तिसरं, चौथं,
दुसरं.